मदत हवी आहे: सिव्हिल थ्रीडीत (रस्ते डिझाइनचं सॉफ्टवेअर) कार्टोडेम, ड्रोनचा ऑर्थो आणि सर्व्हेचे पॉइंट जुळवताना

नमस्कार मंडळी,

राधानगरी भागातल्या एका डोंगरी रस्त्याचं डिझाइन चालू आहे. रस्त्याच्या पट्ट्यात टोटल स्टेशनने (मोजणीचं यंत्र) घेतलेले पॉइंट, बाहेरच्या पाणलोटासाठी कार्टोडेम (इस्रोचं उपग्रहावरून केलेलं उंचीचं मॉडेल) आणि खाली ड्रोनचा ऑर्थो (मापात बसवलेला हवाई फोटो). ड्रॉइंगला यूटीएम (मीटरमधली नकाशा-ग्रिड) 43 उत्तर झोन दिलाय.

उंचीतला मोठा फरक कळला. कार्टोडेमची उंची एलिप्सॉइडवरून (पृथ्वीचा गणिती आकार), आपले बेंचमार्क (ठरलेल्या उंचीच्या खुणा) समुद्रसपाटीवरून. आपल्याकडे दोन्हींत 60 मीटरच्या वर अंतर पडतं. जिऑइडची (समुद्रसपाटीच्या पृष्ठाची) दुरुस्ती देऊनही काही मीटर उरतात, तेही सगळीकडे सारखे नाहीत. दाट झाडीत जास्त. त्यामुळे कार्टोडेमच्या सरफेसवर (जमिनीचं त्रिकोणांचं मॉडेल) सर्व्हेचा सरफेस पेस्ट केला की कडेला उभी पायरी तयार होते आणि नाल्याचं पाणी भलतीकडेच वाहताना दिसतं. मोऱ्यांची मापं यावरच ठरणार आहेत, म्हणून हे नीट व्हायलाच हवं.

पट्ट्याबाहेर मोकळी जागा सोडून मधे त्रिकोण जुळू द्यावेत, की नाल्याच्या तळाचे जादा पॉइंट घेऊन ब्रेकलाइन (त्रिकोणांनी ओलांडू नये अशा रेषा) टाकाव्यात? मला दुसरं पटतं, पण पावसाळ्याआधी वेळ कमी आहे.

आणखी एक. इथे यूटीएमचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे पाव मीटरपेक्षा जास्त फरकाने कमी भरतं. चेनेज (रस्त्यालगत मोजलेलं अंतर) जमिनीवरचंच हवंय. अशा वेळी तुम्ही सर्व्हेचे पॉइंट यूटीएमच्या ग्रिडवर आणता, की ऑर्थो आणि कार्टोडेम स्केल करून जमिनीच्या मापावर? घाटात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.