पोरांना घेऊन एकटीने (एकट्याने) लांबवर गाडी नेलीय का? या, लिहा

कोकमआगळ
काल लेकीने विचारलं, "आई, शनिवारी कुडाळला गाडी मी नेऊ? चिनूलाही घेऊन जाते." चिनू म्हणजे जावेचा मुलगा, वय वर्षं सात. लेक वीसची आहे, लायसन्स आहे, हातही बरा आहे. मी "बघू" म्हटलं आणि भांडी घासायला सिंकपाशी गेले. तिथे लक्षात आलं की बाई केव्हाच येऊन गेलीय.

२०११ चा मे महिना. नवरा बोटीवर. नणंदेच्या मुलाची मुंज कुडाळला आणि रेल्वेचं वेटिंग बघवत नव्हतं. म्हटलं, जाते गाडीने. लेक सहा वर्षांची, धाकटा दीड. पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, खाली सावंतवाडी. कारसीट वगैरे आमच्याकडे नव्हती, मागे उशा रचल्या होत्या. आता आठवलं की काटा येतो अंगावर.

गाडी चालवण्याचं काही नाही हो. गाडी थांबवायची म्हटलं की खरी पंचाईत. कराडच्या पुढे पंपावर थांबले तेव्हा धाकटा पाचच मिनिटांपूर्वी झोपलेला आणि मला सातारच्या आधीपासून लागलेली. गाडीत ठेवून जावं तर मे महिन्याचं ऊन, उठवावं तर पुढचे पन्नास किलोमीटर भोंगा. शेवटी धाकटा कडेवर, पर्स गळ्यात, लेकीचा हात धरून वरात निघाली. दाराला कडी नव्हती. लेक बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली आणि जो येईल त्याला ओरडून सांगत होती, "आत माझी आई आहे, तिची शू व्हायचीय!" पंपावरच्या झाडून सगळ्या ट्रकवाल्यांना बातमी पोचली.

आंबोली उतरताना वळिवाचा पाऊस आला, समोर काही दिसेना आणि ऐन वळणावर धाकटा ओकला. थांबायला जागाच नाही, मागे एसटी चिकटलेली. मागून आवाज आला, "आई तू पुढे बघ, मी पुसते." दाणोलीला एकदाची गाडी बाजूला घेतली तेव्हा कळलं की हिने मुंजीसाठी शिवलेल्या नव्याकोऱ्या परकराने सगळं पुसलंय. आणि तो परकर घडी घालून परत पिशवीत ठेवलाय. इतर कपड्यांवर.

आता तिलाच "बघू" म्हणतेय मी. लिहा तुमचंही. बाबालोकांनीही लिहा.

अळूवडी
घडी घालून 😂😂😂 कोकमताई, दे गं तिला किल्ली

हातखंबा तिठा
आमच्या घरात खंबाटकीला ओकाटकी म्हणतात. उलट्यांवर आवळासुपारी. आणि प्लास्टिकची पिशवी आधी फुंकून बघायची, भोक आहे का ते. अनुभवाचे बोल.

मिनूचीआई
+१ पिशवी. आम्ही भाजीची दिली होती घाईत. बाकी मनात आणा.

माझी गंमत वेगळीच. नाशिकहून धुळ्याला माहेरी चालले होते, मिनू दीड वर्षाची. वाटेत हवा भरायला थांबले, किल्ली गाडीलाच, मी बाहेर उतरून व्हॉल्व्हची टोपी काढतेय तोवर आतून ख

मिनूचीआई
सॉरी, कुकर होता. तर आतून खटॅक. ही पट्ट्यातून हात काढून पुढच्या दारापर्यंत कशी पोचली देव जाणे. चारही दारं बंद, ही आत, मोबाइल आत, मी बाहेर. आधी तिला मजा वाटली, काचेला नाक लावून हसत होती. मीही हसत होते, पण पोटात गोळा. लोक जमले. एक म्हणे काच फोडा, दुसरा म्हणे कंपनीला फोन लावा. मी काचेवर बोट आपटून "मिनू, भूभू कुठाय? तो बघ भूभू, ओढ ओढ" करत लॉकची खुंटी दाखवत होते. ती भूभू शोधायला मागच्या सीटवर निघून गेली.

शेवटी एका ट्रकच्या क्लीनरने हवा भरणाऱ्या पोराच्या टेबलावरची स्टीलची फूटपट्टी आणली, काच आणि रबराच्या मधून खाली सारली, दोनदा हलवली आणि दार उघडलं. मला आनंद झाला, पण भीतीही वाटली, एवढं सोपं असतं होय! तेव्हापासून गाडीतून एक पाय बाहेर टाकला तरी किल्ली ब्लाउजमध्ये.

अळूवडी
मग हवा भरली का?

मिनूचीआई
नाही गं, विसरले. धुळ्याला गेल्यावर आठवलं.

जुना खांब
मूळ विषय चांगला आहे पण भगिनींनी असं धाडस करू नये असं नम्रपणे सुचवतो. रस्त्यावर काय प्रसंग येईल सांगता येत नाही. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १००० रुपये दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून.

कोकमआगळ
काका, पट्ट्याचं एकदम मान्य. धाडसाचं म्हणाल तर मुंज तुमच्याकडे असती तर आले नसते. 🙂

हातखंबा तिठा
काका, बंधूंनी केलं तर चालतं का? पुढचा प्रतिसाद बंधूंचाच येतोय बघा.

संत्राबर्फी
बंधू हजर. लिहू की नको करत होतो.

आमचा घटस्फोट झालाय, मुलगी आईकडे नागपूरला, मी पुण्यात. सुट्टीत आणायला आणि सोडायला मीच जातो. पहिली खेप २०२३ च्या उन्हाळ्यात, तेव्हा ती चार वर्षांची. समृद्धीने संभाजीनगरपर्यंत, मग नगरमार्गे पुणे. समृद्धी आधीच्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत सुरू झालेली. रस्ता लोण्यासारखा, त्याचाच घोळ झाला. दुचाकी-रिक्षाला बंदी, टपरी नाही, गाव नाही, वळणसुद्धा नाही. तेव्हा हॉटेलं तर जवळपास नव्हतीच. नागपूरला टाकी अर्धीच भरून निघालो होतो, पुढे भरू म्हणून. त्या "पुढे"ची वाट बघत वाशीम जिल्हा आला.

ती झोपली की मलाही पेंग यायला लागायची. एकटं असताना माणूस गाणी मोठ्याने लावतो, तोंडावर पाणी मारतो. पोर मागे झोपलेलं असताना काय करणार? खिडकी खाली करावी तर वाऱ्याने ती उठणार. मग हळू आवाजात पाढे म्हणत होतो. एकोणतीसचा पाढा मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी पाठ झाला.

उठल्यावर तिने विचारलं, "बाबा, हा रस्ता संपत का नाही?" म्हटलं, संपेल. म्हणाली, "नको संपू दे, संपला की तू परत मला सोडायला येशील." मी गाडी थांबवली असती, पण तिथे थांबायला मनाई आहे.

आता टाकी फुल्ल करून निघतो, टायरची हवा आदल्या रात्रीच बघतो, आणि दर दीड तासाला बाहेर पडायच्या रस्त्याने खाली उतरून एखाद्या गावात चहा. वेळ जातो. जाऊ दे.

अळूवडी
🥺

कोकमआगळ
बर्फी, पोरीला आमच्याकडून एक आंबापोळी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खरंच.

सॅनहोजेची सोनचाफा
आम्हा परदेशातल्यांना यात कसलं आलंय कौतुक असं वाटेल, पण लिहितेच. सॅन होजे ते लॉस एंजलिस, आय-फाइव्ह महामार्गाने, जुळी आठ महिन्यांची, नवरा भारतात. आठ महिन्यांची पोरं इथे मागे तोंड करूनच बसवतात, म्हणजे गाडी चालवताना तुम्हाला दोन कारसीटांच्या पाठी दिसतात, बास. आरसे लावले होते, एक घसरला आणि पुढचे तीन तास मला एकाचा फक्त पाय दिसत होता. पाय हलतोय म्हणजे ठीक, असं चाललं होतं. कोअलिंगापाशी गुरांचा वास येतो बघा, काचा बंद असल्या तरी येतो. दोघं एकदम गप्प झाली त्या वासाने. माझं माहेर सांगलीकडचं, म्हशी दारात, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि रडूच आलं. हार्मोन्स म्हणा.

विश्रांतीथांब्यावर दोघांना पाजून परत बांधायला पन्नास मिनिटं. एकाला बांधेपर्यंत दुसऱ्याने घाण केलेली. गूगल म्हणे साडेपाच तास, मला साडेदहा लागले.

घाटावरची
आम्हाला गाडीच नव्हती तेव्हा, लाल डबाच. दोन पोरं, एक ट्रंक, मी एकटी, सोलापूरहून रात्रीची. धाकटी पाचच्या आत म्हणून फुकट आणि थोरल्याचं हाफ. थोरला बारा पूर्ण होऊनसुद्धा वर्षभर अकराचाच होता. कंडक्टरने विचारलं, "कितवीत रे?" हा ऐटीत म्हणाला, "आठवीत!" मी म्हटलं, हुशार आहे, दोन वर्गांवर उडी मारली. सगळी गाडी हसली. कंडक्टर पण. पण तिकीट मात्र फुलच फाडलं.

जुना खांब
हे बरोबर केलं कंडक्टरने.

घाटावरची
काका 😄

नाचणीसत्त्व
घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. गणपतीला मुंबई ते चिपळूण, मी, दोन मुलं, आणि मखर. पळस्पे ते माणगाव इतक्या वेळात पोचलो की मुलांनी पुढच्या गाडीतल्या मुलांशी दोस्ती केली. ती नागोठण्याला भेटली, कोलाडला परत भेटली, इंदापूरला आम्ही शेजारी शेजारीच उभे. त्यांच्या आईने काचेतून चकल्या दिल्या. मी करंज्या. बाटलीचा कार्यक्रम मुलग्याचा जमतो हो, मुलीचं काय करायचं? कोणीच लिहीत नाही यावर.

कोकमआगळ
नाचणी, लहानपणीची पॉटी सीट डिकीत ठेव. एकाच बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही दरवाजे उघडले की मधे आडोसा होतो, वरून ओढणी. माझी लेक दहा वर्षांची होईपर्यंत ती हिरवी पॉटी गाडीत होती. तिच्या मैत्रिणींना कळलं तर मला घरात घेणार नाही ती.

नाचणीसत्त्व
आईशप्पथ, हे कुणी आधी का नाही सांगितलं!! आणि आता कशेडीला बोगदा झालाय, घाट टळतो. पण पोरं म्हणतात, घाटातच जाऊ, बोगद्यात काही दिसत नाही.

हातखंबा तिठा
मखर कुठे ठेवलं होतंस? थर्माकोलचं? बंदी आहे ना

नाचणीसत्त्व
पुठ्ठ्याचं. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. काकांना कळवा.

जुना खांब
वाचतोय मी.

कोकमआगळ
दिली किल्ली. आंबोलीत रात्री शिरायचं नाही, दर थांब्याला फोन, आणि चिनूला मागेच बसवायचं, एवढ्या अटी. ती म्हणतेय, "चिनू ओकला तर कशाने पुसू?" म्हटलं जुना टॉवेल ने. त्यावर म्हणते कशी, "परकर घालते, दोन्ही कामं होतील."

मिनूचीआई
आणि किल्ली?

कोकमआगळ
जीन्सच्या खिशात. ब्लाउज नाही गं आजकालच्या पोरींना.

अळूवडी
कुडाळहून येताना सुक्या सोड्यांना (वाळवलेल्या कोलंबीला) जागा ठेवायला सांग गाडीत. मी मागते आहे असं नाही, फक्त सुचवतेय.

सॅनहोजेची सोनचाफा
काचा उघड्या ठेवून आणा म्हणजे झालं 😅