आत्याच्या नावाने फेसबुकवर दुसरंच खातं, तातडीने सल्ला हवाय (इंदूर)

मालवी_मिरची

मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

माझी आत्या लोकमान्य नगरात राहते. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे विद्यार्थिनी इंदूरपासून पार पुण्या-ठाण्यापर्यंत पसरलेल्या. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात तंबोरा घेऊन बसलेला तिचा फोटो कुणीतरी उचलला आणि तिच्याच नावाने फेसबुकवर नवं खातं उघडलं. जुन्या मुलींना फ्रेंड रिक्वेस्ट जातात. स्वीकारली की मेसेंजरवर 'नमस्ते, आप कैसे हैं? अपना व्हाट्सएप नंबर भेजिए'. मग पुढे: 'मेरे एक मित्र सीआरपीएफ में अफसर हैं, उनका ट्रांसफर हो गया है, घर का फर्नीचर सस्ते में दे रहे हैं.' सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीनचे फोटो, वर घरपोच.

आत्या म्हणते, 'मी मराठी मुलींशी हिंदीत बोलेन का? तिथेच ओळखायला हवं होतं.' बहुतेकींनी ओळखलंही. एकीने मात्र आज दुपारी पैसे पाठवले.

अडचण अशी की आत्याला ते खातं शोधूनही सापडत नाही, मला मात्र दिसतं. चुलतभाऊ म्हणतो, पन्नास-साठ जणांनी एकदम रिपोर्ट केलं की खातं उडतं. तो समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकायच्या बेतात आहे. पोलिसांत जायचं तर थाना की क्राइम ब्रँच? आत्याची थान्याची पायरी चढायची तयारी नाही.

कान्हकाठचा

बाकी सगळं नंतर. जिने पैसे पाठवले तिला आत्ता फोन करा आणि १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावायला सांगा. तुम्ही नाही, आत्यानेही नाही. ज्या खात्यातून पैसे गेले त्या खात्याच्या मालकिणीने लावायचा. रक्कम, वेळ, बँक आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवू द्या. तक्रार नोंदली की रक्कम ज्या बँकेत गेली तिथे निरोप जातो आणि पैसे अजून पडून असतील तर अडवले जातात. चोर ते एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकवत राहतो, म्हणून पहिल्या काही तासांचं मोल. बँकेलाही कळवायचं, पण बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'वर एकाच दिवशी दुसऱ्यांदा लुटले गेलेले लोक आहेत.

आणि चुलतभावाला थांबवा. का ते सांगतो, आधी फोन करून या.

मालवी_मिरची

केला फोन. ती पुण्यात असते, तिथून चालेल ना?

कान्हकाठचा

चालेल, देशभर एकच नंबर आहे. लागला नाही तर थांबू नये, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर आर्थिक फसवणुकीच्या विभागात तक्रार भरावी.

आता खातं. रिपोर्ट करण्याआधी त्याच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबं दाबा आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून कुठेतरी जपून ठेवा. लोक स्क्रीनशॉट काढतात आणि निवांत होतात. स्क्रीनशॉटमध्ये नाव आणि फोटो येतो, आणि चोर नेमक्या त्याच दोन गोष्टी घटकेत बदलतो. आज आत्या आहे, उद्या त्याच खात्यावर कुणी मेजर साहेब असतील. लिंकमध्ये आयडीचे लांबलचक आकडे असतील तर ते बदलत नाहीत. पोलिसांना आणि कंपनीलाही तेच लागतात. स्क्रीनशॉट घ्याच: प्रोफाइलचा, मेसेंजरवरच्या बोलण्याचा, पैसे मागताना दिलेल्या यूपीआय आयडीचा, व्हॉट्सॲप नंबरचा. तारीख-वेळ दिसू द्या. खातं उडालं की यातलं बरंच परत बघायला मिळत नाही, म्हणून आधी जमवायचं आणि मग रिपोर्ट.

आत्याला खातं दिसत नाही याचं कारण उघड आहे, चोराने तिला ब्लॉक केलंय. हे भामटे पहिलं काम तेच करतात. म्हणून रिपोर्ट तुम्ही करायचं. तीन टिंबं, रिपोर्ट प्रोफाइल, मग खोटं खातं किंवा दुसऱ्याचं सोंग घेतलंय असा पर्याय (शब्द अधूनमधून बदलतात), आणि कोणाचं सोंग विचारलं की 'मित्र'. तिथे आत्याचं खरं खातं निवडायचं. ही शेवटची पायरी पुष्कळ जण गाळतात आणि 'स्पॅम' दाबून मोकळे होतात. स्पॅम म्हटलं की तपासणारा स्पॅम शोधणार. त्या प्रोफाइलवर तर तंबोऱ्याचा एक फोटो आहे, त्यात त्याला काय सापडणार?

याखेरीज आत्याच्या बाजूनेही एक तक्रार जाऊ द्या. फेसबुकच्या हेल्प सेंटरमध्ये तोतया खात्यासाठी फॉर्म आहे, तो ज्यांचं फेसबुक खातंच नाही त्यांनाही भरता येतो. ओळखपत्र मागतात.

चुलतभावाचा उपाय का नको: तक्रारींच्या संख्येवर निर्णय होत नाही असं फेसबुक स्वतःच सांगतं. एक नेमकी तक्रार पुरते. दुसरं कारण जास्त गमतीचं. ग्रुपवर 'आत्याच्या नावाचं खातं रिपोर्ट करा' असं टाकलंत की साठातले निम्मे नावाने शोधणार. दोन्ही खात्यांचं नाव तेच, फोटो तोच. निम्मी जनता खऱ्या आत्यालाच रिपोर्ट करून पुण्य कमावणार. ग्रुपवर काही टाकायचंच तर इतकंच टाका: 'या नावाने आलेली नवी रिक्वेस्ट स्वीकारू नका, पैसे मागितले तर आत्याला फोन करा.'

बिचारा_संगणक

इतकं कशाला, आपणही एक नकली खातं काढा, सोफा घ्यायचा म्हणून त्याला बोलतं करा आणि पत्ता काढा. भियांना इंदोरी हिसका दाखवू.

कान्हकाठचा

तुमच्या नकली खात्यावर फोटो कोणाचा लावणार? तिथेच आपण त्याच्या रांगेत जाऊन बसलो. शिवाय पत्ता म्हणून तो कुठलाही थातूरमातूर पत्ता देईल, आणि त्या पत्त्यावर कुणी बिचारा गृहस्थ जेवत बसलेला असेल.

हॅक_सेवा_२४तास

*[ही प्रतिक्रिया संपादकांनी काढली आहे.]*

संपादक

'अमुक भाऊंनी माझं खातं परत मिळवून दिलं, इन्स्टावर संपर्क करा' अशा प्रतिक्रिया या विषयावर हटकून येतात. ही मंडळी आगाऊ पैसे घेतात आणि वर तुमचा ओटीपीही मागतात. दिसली की आम्हाला कळवा, त्यांना उत्तर देऊ नका.

नेमावर_रोड

पोलिसांबद्दल मी सांगतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावाने असंच झालं होतं, तेव्हा त्यांच्याबरोबर मी गेलो होतो.

आत्यांना आधी घरबसल्या पोर्टलवर तक्रार करू द्या. सोशल मीडियाच्या गुन्ह्यांत तोतया प्रोफाइलचा पर्याय आहे. मोबाइलवर ओटीपी येतो, राज्य मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर, लिंक आणि स्क्रीनशॉट जोडायचे. शेवटी तक्रार क्रमांक मिळतो, तो जपा. पण हा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. पुष्कळांचा तसा समज असतो आणि मग महिनोन्महिने 'पोलीस काहीच करत नाहीत' म्हणत बसतात. पोर्टलवरची तक्रार राज्याच्या पोलिसांकडे जाते, पुढे गुन्हा नोंदवायचा तर सही लागतेच.

थान्यात जायची वेळ आली तर हिंदीत एक पानी आवेदन तयार ठेवा. आम्ही शुद्ध मराठी बाण्याने घडाघडा तोंडी सांगत होतो, मुन्शीजी नुसते ऐकत होते. कागद पुढे सरकवला तेव्हा पेन उघडलं. आवेदनात लिंक पूर्ण लिहा, खरं खातं कोणतं तेही लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पावती, म्हणजे शिक्का आणि तारीख, घेतल्याशिवाय उठू नका. कलमं लिहायची तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी (ओळख चोरणं) आणि ६६ डी (संगणक-मोबाइल वापरून तोतयेगिरीने फसवणं). दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. शिवाय भारतीय न्याय संहितेचं ३१९, तोतयेगिरी करून फसवणूक. नेटवरच्या जुन्या नमुन्यांत अजून ६६ ए सापडतं, ते उतरवू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्येच रद्द केलंय.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, कलम ७८ तसं सांगतं. आपल्याकडचा टीआय, म्हणजे थान्याचा प्रमुख, हा निरीक्षकच असतो. तेव्हा 'हे आमचं काम नाही, क्राइम ब्रँचला जा' म्हणाले तर नम्रपणे टीआय साहेबांनाच भेटायचं. क्राइम ब्रँचच्या सायबरवाल्यांकडे थेट गेलात तरी चूक नाही, पण वयस्क माणसाला घराजवळचा थाना सोपा.

अंगतपंगत

विषयांतर होतंय, माफ करा, पण वेगळा धागा काढायचं धाडस होत नाही. नात्यातली एक मुलगी भंवरकुआँला राहून कोचिंग करते. अठरा पूर्ण नाहीत. तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर कुणीतरी खातं काढलंय, बहुधा क्लासमधलाच. तिच्या चेहऱ्याला दुसरंच शरीर जोडून फोटो टाकलेत, खाली घाणेरड्या ओळी. तिने घरी सांगितलेलं नाही, फक्त मला सांगितलंय. मी त्या फोटोंचे स्क्रीनशॉट दोन मैत्रिणींना दाखवून सल्ला घेणार होते.

कान्हकाठचा

ताई, ते फोटो कुणालाही पाठवू नका, सल्ल्यासाठीसुद्धा नाही. अठराखालच्या मुलीचं असं चित्र पुढे पाठवणं हाच कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. खात्याची आणि प्रत्येक पोस्टची लिंक तेवढी लिहून ठेवा. इन्स्टाग्राम तोतयेगिरीची तक्रार ज्याचं सोंग घेतलंय त्याची किंवा त्याच्या पालक-प्रतिनिधीचीच धरतं, म्हणून ती तक्रार मुलीने स्वतः करावी. फोटोंना नग्नता या कारणाखाली वेगळं रिपोर्ट करायचं, ते कुणीही करू शकतं. खातं एक तक्रार, प्रत्येक फोटो वेगळी तक्रार.

शब्दकोडे_वेडी

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

टेक इट डाउन नावाची मोफत सेवा आहे, अठराखालच्यांसाठी. फोटो तिच्या फोनवर असेल तर तिथेच त्यापासून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा कंपन्यांकडे जातो, फोटो फोनबाहेर जात नाही. सामील झालेल्या साइट त्या ठशाशी जुळणारं चित्र शोधून काढतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम त्यात आहेत. नाव सांगावं लागत नाही. अठरावरच्या बायकांसाठी अशीच स्टॉपएनसीआयआय आहे.

सरकारी पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांचा विभाग वेगळा आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. पण नाव न देता केली तर पुढे विचारपूस कुणाशी करणार, म्हणून मुलीची तयारी असेल तर नावानिशी बरी. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

कंपनीकडून काहीच हललं नाही तर त्यांच्या भारतातल्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, लिहा. नाव आणि संपर्क साइटवर जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. नग्न किंवा बदललेल्या चित्रांसाठी, आणि तोतयेगिरीसाठीसुद्धा, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतच ती काढायला २४ तासांची मुदत घातली होती. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या ग्रिव्हन्स अपीलेट कमिटीकडे (तक्रार अपील समिती) अपील करता येतं. ते ऑनलाइनच आहे, वकील लागत नाही, २०२३ पासून सुरू आहे. मिरचीताई, तुमच्या आत्यालाही हा रस्ता खुला आहे.

आणि अंगतपंगत, मुलीला घरी सांगायला मदत करा. पोलिसांकडे जाताना पालक लागतील, तेव्हा कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं. पहिलं वाक्य तुम्ही बोला. 'तिची काही चूक नाही' या वाक्यापासून सुरुवात करा. फोटो दाखवायची गरज नाही.

अंगतपंगत

धन्यवाद. आज रात्री तिच्या आईशी बोलते. पुढचं व्यक्तिगत निरोपातून विचारलं तर चालेल?

शब्दकोडे_वेडी

जरूर.

मालवी_मिरची

खातं आज सकाळपासून दिसत नाहीये. लिंक उघडली तरी 'उपलब्ध नाही' येतं. पुण्याच्या मुलीची १९३० वर तक्रार नोंदली गेली, थोडी रक्कम अडवल्याचा मेसेज तिला आलाय, उरलेली पुढे सरकली होती. आत्याने पोर्टलवर तक्रार केली. स्वतः टाइप केली, मला हात लावू दिला नाही.

आता पुढे काय? चुलतभाऊ म्हणतो प्रोफाइल लॉक कर. आत्या म्हणते लॉक केलं तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुली मला शोधणार कशा?

कान्हकाठचा

आत्याचं बरोबर आहे, लॉक न करताही भागेल. भामट्याला फोटोपेक्षा मित्रयादी हवी असते. ती मिळाली नाही तर सोफा विकायचा कुणाला? सेटिंगमध्ये 'तुमची मित्रयादी कोण पाहू शकेल' असं आहे, तिथे 'फक्त मी' करून टाका. दोघांचे समाईक मित्र तरीही दिसतात, म्हणून अनोळखी रिक्वेस्ट घेणं बंद. फोटोंवर कमेंट आणि लाइक करणाऱ्यांची नावंही यादीसारखीच वापरता येतात, तेव्हा जुने सार्वजनिक फोटो 'मित्रांपुरते' करा. प्रोफाइलचा एक फोटो उघडा राहू द्या, तंबोऱ्याचाच. मुली त्यावरून ओळखतील.