‘सब्लाइम’ला उदात्त म्हणायचं का? (टर्नरच्या जलरंगांवरून)

आमच्या जलरंगाच्या ग्रुपसाठी टर्नर या इंग्रज चित्रकारावर चार पानं लिहितेय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकलेय, कलासमीक्षेतला इंग्रजी ‘सब्लाइम’. कोशात उदात्त, समीक्षेतही उदात्तच, पण त्याचं १८०४ चं सेंट गॉटहार्ड खिंडीचं चित्र समोर ठेवलं की तो शब्द बसतच नाही हो. १८०२ मध्ये तो पहिल्यांदा आल्प्समध्ये गेला, तिथल्या सैतानाच्या पुलाच्या मधोमध उभं राहून बघावं तसं हे चित्र आहे, सरळसोट कडे, कड्याला चिकटलेली चिंचोळी वाट, वाटेवर ओझी लादलेली इवलीशी खेचरं आणि खाली तळ दिसतच नाही. पोटात गोळा येतो तरी नजर हलत नाही. उदात्त म्हटलं की मला ध्येय, त्याग, विचार असलंच आठवतं.

—

ताई, उदात्त अगदीच चुकीचा नाही. वेदपठणातला वरचा स्वर तो उदात्त, म्हणजे मुळात उंचीच. प्राचीन ग्रीक समीक्षक लाँजायनसने सब्लाइमसाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थही उंचीच, त्यामुळे त्याला उदात्त चपखल बसतो. पण १७५७ मध्ये एडमंड बर्क या विचारवंताने सगळं फिरवलं, सुंदर म्हणजे लहान, गुळगुळीत, नाजूक आणि सब्लाइम म्हणजे अफाट, काळोखं, ओबडधोबड, ज्याच्या मुळाशी भीती आहे. धोका अंगावर आला तर नुसतीच भीती, तोच जरा लांब असला तर त्यातच एक सुख. टर्नरच्या खिंडीत हा सब्लाइम आहे.

—

मग रौद्र? पुराचं रौद्र रूप, समुद्राचं रौद्र रूप आपण म्हणतोच की.

—

बोलण्यात चालेल, पण रसशास्त्रात रौद्र रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, क्रोध आहे, आणि त्या कड्यांना कुणाचा रागबिग आलेला नाही, त्यांना माणसाची दखलच नाही, तेच तर भयंकर आहे. मला वाटतं भयानक आणि अद्भुत हे दोन्ही रस हवेत. गीतेच्या ११ व्या अध्यायात विश्वरूप बघून अर्जुन म्हणतो की हर्षही झालाय आणि मन भयाने व्याकूळही झालंय, एकाच श्लोकात! ज्ञानेश्वरीत त्याच अध्यायाच्या सुरुवातीला माउली म्हणतात की शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा आलाय. विराट शब्द घ्या, त्यात हे सगळं आहे.

—

मी स्वतः जलरंगात काम करतो म्हणून एक सांगतो, शब्द निवडताना माध्यम विसरू नका. टर्नरच्या आधी बरेच जण रेखाटनावर हलका रंग चढवायचे, जागेची नोंद म्हणून. टर्नर कागद ओला करायचा, रंग पुसून काढायचा, नखाने खरवडून पांढरं बाहेर आणायचा, त्यासाठी अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. हे चित्रही जवळपास मीटरभर उंच आहे. त्या पातळ रंगातून छाती दडपते ना, मग ‘छाती दडपणारं’ हेच का नको? सगळ्यांना कळतं.

—

पटलं दादा. शब्द म्हणून विराट घेते आणि पहिल्यांदा येईल तिथे तुमचं छाती दडपणारं जोडते. उदात्त मात्र टर्नरच्याच काळातल्या थॉमस गर्टिन या चित्रकाराच्या ‘चेल्सीचं पांढरं घर’ या जलरंगासाठी ठेवणार, १८०० चं चित्र, तिथे भीतीचा लवलेश नाही, संथ थेम्स, उतरत्या उजेडाचं आभाळ आणि लांब काठावर तेवढं एक घर पांढरं.