वस्तीतल्या दफनासाठी तरी ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) एकत्र येतील का?

पिंपरीकर ताई: जय ख्रिस्त. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक आजी गेल्या. त्या एका छोट्या फेलोशिपच्या (प्रार्थनागटाच्या), त्यांना स्वतःची दफनभूमी नाही. जवळच्या दफनभूमीचा कारभार दुसऱ्या मंडळीकडे. तिथे आधी सभासदत्वाचा दाखला मागितला, मग वडीलमंडळींची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची, परवानगी. घरात बर्फाच्या लादीवर आजी आणि दारात मुलगा फोनवर फोन लावतोय. जागा मिळेपर्यंत संध्याकाळ झाली.

याच वस्तीत चार मंडळ्या येतात. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या तीन शब्बाथशाळा भरतात, त्याही एकाच वेळी. दवाखान्यात पेशंटजवळ रात्री थांबायला मात्र माणूस मिळत नाही. माझं म्हणणं, शिकवण ज्याची त्याच्याकडे राहू द्या; पण दफन, दवाखाना आणि मुलांचा अभ्यास यांची एकच वही ठेवा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. बिशप मानणारे अँग्लिकन आणि बाळांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्ट त्यात एकत्र आले. आपल्याला एक वही जमू नये?

नगरकर: ताई, ते उदाहरण तुमच्यावरच उलटतं. अमेरिकन मिशनमधून आलेली मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. गुजरातेत सीएनआयमध्ये गेलेल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल लागला 2013 साली. वहीमागून समिती येते, समितीमागून खुर्ची. शिवाय आजारी माणसाने विचारलं, 'माझा लहानपणीचा बाप्तिस्मा चालेल का?' तर तुमची एकत्र मंडळी काय सांगणार? हा प्रश्न माझ्यासाठी किरकोळ नाही.

वसईकर: आम्ही कॅथलिक. ऐक्याविषयीचा व्हॅटिकनचा दस्तऐवज 1964 चा. 18 ते 25 जानेवारीला ऐक्यासाठी प्रार्थना होते, पण 26 तारखेला सगळे आपापल्या वाटेने. एका मेजावर ख्रिस्तशरीर (उपासनेतली पवित्र भाकर) घेता येत नाही, याचं मला खरंच दुःख आहे. पण गरिबांना मदत करणाऱ्या आमच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक किराणा घेऊन जातात तेव्हा मिस्साला (आमच्या उपासनेला) येता का, असं कुणाला विचारत नाहीत. तेवढ्यासाठी कुठल्या कराराची गरज आहे?

पिंपरीकर ताई: नगरकर दादा, बाप्तिस्म्याचा प्रश्न त्याच्या पाळकांकडेच जावा, हे मला मान्य. पण पूर्वी मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते: अमेरिकन मराठी मिशन नगरला, प्रेस्बिटेरियन कोल्हापूर-मिरजेला. आता नगरचा, मिरजेचा, जालन्याचा माणूस एकाच चाळीत भाड्याने राहतो. रात्री अकराला त्याच्या छातीत दुखायला लागलं, तर शेजारच्या खोलीतला विश्वासणारा वेगळ्या मंडळीचा म्हणून थांबेल का? समिती नको, हिशेब नको. नावं, फोन नंबर आणि कोणती रात्र कुणाची, एवढंच लिहू.

नगरकर: पैसा आणि पदं नसतील तर शुक्रवारची रात्र माझ्या नावावर लिहा. एकत्र उपासनेला मी येणार नाही, हे आधीच सांगतो. आणि दफनभूमीचं आमच्या वडीलमंडळींच्या पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडतो. दाखला नंतर घ्या, खड्डा आधी खणू द्या.