‘प्रमोशन नको’ हा बाईचा निर्णय की तिची अडचण?

मांडवीची_लेक
आमच्या बँकेच्या वडोदरा शाखेतल्या एका ताईंनी क्लार्कवरून ऑफिसर व्हायची संधी तिसऱ्यांदा सोडली. परीक्षा पास, काम चोख. पण प्रमोशन म्हणजे बदली, कच्छ नाहीतर सौराष्ट्र. मुलगी नववीत, सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांनी शिकवलेली दोन मुलं आज त्यांचे साहेब आहेत. फाइलीत लिहिलं, ‘स्वेच्छेने नकार’. वर मॅनेजर म्हणतात, बायकांनाच पुढे जायचं नसतं! आणंद-भरूच द्या, रोज अप-डाउन करता येतं. मग विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर मी गप्प बसेन.

वाघोडियारोड
मी १९९८ मध्ये प्रमोशनवर भुजला गेलो. शनिवारी अर्धा दिवस भरला की बस पकडायची, रविवारी रात्री परत. मुलगा चालायला लागला ते पाहिलं नाही. बायकांना जवळची शाखा दिली तर भुजला कायम पुरुषच जाणार. हा न्याय नाही.

मांडवीची_लेक
काका, तेव्हा मुलाला कोण सांभाळत होतं?

वाघोडियारोड
बायको. शाळेत शिकवायची, नोकरी सोडली तिने. ते मी विसरलेलो नाही. तरी नियम सगळ्यांना एकच हवा.

अलकापुरी_स्केल३
मी बाई आहे, दोन बदल्या भोगल्यात, आणि मला बायकांपुरती सवलत नको. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, हवीच होती. पण ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागू नसेल तिथे त्या रजेचा पगार मालकानेच द्यायचा. मग मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यात माझ्या भाचीला इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न, लग्न कधी? सवलत बाईच्या नावावर लिहिली की बाईच टाळली जाते. घरात आजारी माणूस, लहान मूल असेल त्या प्रत्येकाला जवळची शाखा द्या, पुरुषालाही.

कोठीवरून
परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मांना लग्नासाठी सरकारची परवानगी लागे. प्रमोशन अडलं तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये कोर्टाने त्या नियमांतला भेदभाव उघड सांगितला. तिथे नियमातच ‘बाई’ हा शब्द होता, बोट ठेवता आलं. प्रमोशनवरच्या बदलीची अट पुरुषालाही तीच, म्हणून ‘सगळ्यांना एकच’ म्हणणं सोपं जातं.

मांडवीची_लेक
अलकापुरीताई, ‘प्रत्येकाला’ हे पटलं. युनियनकडे मागणी तशीच लिहून देते. पण ‘स्वेच्छेने’ हा शब्द काढायचाच. नकाराचं कारण फाइलीत लिहा, बदली असेल तर बदली.