शब्दचर्चा: परदेशी मदतीवर संसदेची ‘देखरेख’ म्हणावं का?

नवी पेठ

राज्यसेवेच्या मुलामुलींसाठी राज्यशास्त्राची टिपणं मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी अडले आहे: ‘विधिमंडळाने परकीय साहाय्यावर तसेच प्रादेशिक सुरक्षा रणनीतीवर देखरेख ठेवणे अपेक्षित आहे.’ व्याकरणात चूक काढता येत नाही. पण अभ्यासिकेतल्या मुलांना वाचायला दिलं तर एकाला वाटलं, मुंबईच्या विधानसभेबद्दल आहे. दुसरीला वाटलं, बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या पैशाबद्दल आहे. दोघांचंही वाचन मराठीच्या अंगाने बरोबरच आहे, म्हणून हे वाक्य नव्यानं घडवायला हवं. ‘विधिमंडळ’च्या जागी ‘संसद’ मी केलंच. परराष्ट्र व्यवहार संघसूचीतला विषय, तिथे राज्याचा संबंध नाही. बाकीच्या शब्दांवर मदत हवी, विशेषतः ‘देखरेख’वर.

कोथरूड

ताई, ‘देखरेख’ काढाच. देखरेख कोण करतं? बांधकामावर मुकादम, वसतिगृहावर रेक्टर. म्हणजे जो रोज जागेवर असतो, काम चालू असताना थांबवू शकतो, तो. संसदीय समितीला नेमकं हेच करता येत नाही. विभागांशी निगडित स्थायी समित्या १९९३ साली आल्या, तेव्हा १७ होत्या. २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. लोकसभेच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की या समित्यांनी दैनंदिन प्रशासनाच्या बाबी विचारात घ्यायच्या नाहीत. तेव्हा ‘समिती देखरेख ठेवते’ असं लिहिलं की वाचकाच्या मनात समितीला नसलेला अधिकार उभा राहतो.

मी ‘छाननी’ म्हणेन. अर्थसंकल्प मांडला की परराष्ट्र मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीपुढे जातात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी, नेपाळसाठी ७०० कोटी, मालदीवसाठी ६०० कोटी रुपये होते. आदल्या वर्षी मालदीवला ४०० कोटी ठेवले होते, ते वाढले का, हे विचारण्याची जागा म्हणजे ही समिती. सचिवांना बोलावते, कागद मागवते, अहवाल देते. २०२३ मध्ये तिने ‘शेजार प्रथम’ धोरणावर स्वतंत्र अहवालच दिला. शिफारशी मात्र सरकारवर बंधनकारक नसतात. सरकार त्यावर काय केलं ते कळवतं, एवढंच. ‘छाननी’ या शब्दात तेवढीच ताकद आहे: बारकाईनं पाहणं आहे, हात धरणं नाही.

सदाशिव पेठ

मॅडम, मी अभ्यासिकेतलाच. आमच्या पुस्तकात ‘संसदेचे वित्तीय नियंत्रण’ असं प्रकरणच आहे. मग ते चूक का?

कोथरूड

अजिबात नाही. ते समितीबद्दल नाही, सभागृहाबद्दल आहे. अनुच्छेद २६६ प्रमाणे कायद्यानुसार असल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. अनुच्छेद ११३ खाली मागण्यांवर लोकसभेचं मतदान, ११४ खाली तो पैसा काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक. हे खरंखुरं नियंत्रण. कपात सूचना आठव: धोरणच नामंजूर असेल तर मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, एखादी विशिष्ट तक्रार मांडायची तर १०० रुपयांची कपात सुचवायची. भूतानला दिल्या जाणाऱ्या पैशावरही अशी सूचना देता येते. प्रत्यक्षात बऱ्याच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेशिवाय एकत्र मताला टाकल्या जातात, ही मला खटकणारी गोष्ट आहे. पण अधिकार आहे तो आहे.

जाता जाता: ‘परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या’ याचा अर्थ कुणा देशानं आपल्याकडे अनुदान मागितलं असा लावू नका. मागणारं मंत्रालय, देणारी लोकसभा. उत्तरपत्रिकांत हा घोटाळा दिसतो.

औंध

हे सगळं भारतापुरतं ठीक. ताईंचं मूळ टिपण अमेरिकेच्या काँग्रेसबद्दल असेल तर ‘छाननी’ फार मवाळ होईल. तिथे कायदेमंडळ अट घालतं आणि अट मोडली की पैसा आणि शस्त्रं दोन्ही अडवतं.

प्रेसलर दुरुस्ती घ्या, १९८५ ची. पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं अध्यक्षांनी दर वर्षी लेखी प्रमाणित करायचं, तरच लष्करी मदत. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा होत्या तोवर प्रमाणपत्र मिळत गेलं. १९९० मध्ये थोरल्या बुशनी ते दिलं नाही आणि मदत थांबली. बांधून तयार असलेली २८ एफ-१६ विमानं अमेरिकेतच अडकून पडली, पाकिस्ताननं पैसे मोजलेले असूनही. आपल्या शेजारची लष्करी गणितं एका कलमानं बदलली. याला मराठीत ‘अंकुश’ म्हणतात. छाननी म्हटलं तर विमानं अडकली कशी हे वाचकाला कळणार नाही.

शस्त्रविक्रीचंही तसंच. १९७६ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक रकमेवरचे सौदे आधी काँग्रेसला कळवावे लागतात. आणि उलट बाजूही आहे. काँग्रेसनं मंजूर केलेला पैसा अध्यक्षांनी आपल्या मर्जीनं दाबून ठेवू नये म्हणून १९७४ मध्ये वेगळा कायदा झाला. २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशी मदत वाटणारी सरकारी संस्था गुंडाळली गेली आणि मंजूर मदत थांबवली गेली, तेव्हा न्यायालयांत हाच वाद गेला. तिजोरीच्या चाव्या कुणाकडे, हा प्रश्न तिथे अजून धगधगता आहे. त्यामुळे ‘अमेरिकी काँग्रेसचा मदतीवर अंकुश असतो’ हेही सरसकट लिहू नका. कायद्यात अंकुश आहे, तो चालतो का हे त्या त्या वर्षी पाहावं लागतं.

डेक्कन

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आपण पुण्यात बसून हे बोलतो आहोत, आणि या विषयाची मराठी जाण पुण्यातच सगळ्यात जुनी आहे.

आधी ‘सुरक्षा मदत’. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांची किमान सहा हजार पायदळाची फौज कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. मराठीनं तिला मदत म्हटलं नाही, ‘तैनाती फौज’ म्हटलं. लढाईपुरती येते ती ‘कुमक’, ठाण मांडून राहते ती तैनाती. हा भेद आजच्या बातम्यांत पुसला गेला आहे. एखाद्या देशात परकी तळ उभा राहतो तेव्हाही आपण ‘लष्करी मदत’ असंच छापतो. कुमक आणि तैनाती हे दोन्ही शब्द टिपणांत आणा, मुलांना पटकन कळतील.

मग लोकप्रतिनिधींचा अधिकार. १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमात लिहिलं होतं की हिंदुस्थानचा महसूल सरहद्दीपलीकडच्या लष्करी मोहिमांवर खर्च करायचा तर ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती हवी. प्रत्यक्ष आक्रमण किंवा तातडीची निकड हा अपवाद. म्हणजे पैसा इथला, संमती तिथली. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे पुण्याच्या डेक्कन सभा या संस्थेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला गेले, तेव्हा सैन्याचा वाढता खर्च हा त्यांच्या मांडणीतला मोठा मुद्दा होता. पुढे २६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात भरणाऱ्या केंद्रीय कायदेमंडळात त्यांचं पहिलं अर्थसंकल्पी भाषण झालं. शिलकीचं अंदाजपत्रक म्हणून सरकार खूश होतं, गोखल्यांनी ती शिलक रयतेवरच्या जादा कराची आहे हे आकड्यांनी दाखवलं. पण लक्षात घ्या, १८९२ च्या कायद्यानं सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. इतकी तयारी, इतका अभ्यास, आणि हातात फक्त ‘चर्चा’.

म्हणून माझं म्हणणं असं की एकच शब्द शोधू नका. नुसतं बोलता येत असेल तर चर्चा. कागद मागवता येत असतील तर छाननी. पैसा रोखता येत असेल तर नियंत्रण किंवा अंकुश. खर्च झाल्यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून लोकलेखा समिती विचारते तो जाब. आणि जुन्या दफ्तरी मराठीत यासाठी ‘झाडा’ आहे: पै-पैचा झाडा देणे. तो मला फार आवडतो, पण परीक्षेच्या टिपणांत कितपत चालेल ते ताईंनी ठरवावं.

नवी पेठ

काका, तुम्ही एक शब्द मागणाऱ्या बाईला पाच दिलेत आणि ते पाचही लागणार आहेत. ‘झाडा’ मी वर्गात तोंडी सांगेन, टिपणात ‘जाब’ ठेवते.

‘परकीय साहाय्य’चं काय करू? मराठीत ते आत येणाऱ्या पैशालाच चिकटलं आहे. अमेरिकेकडून पीएल ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हापासून तीच सवय.

औंध

दिशा क्रियापदात सांगा: ‘भारत इतर देशांना देतो ती मदत’. लांब होईल, पण चुकणार नाही. आणि कर्जाला मदत म्हणू नका. २०२२ मध्ये श्रीलंकेला भारतानं सुमारे ४ अब्ज डॉलरची ‘मदत’ केली असं सगळीकडे छापून आलं. त्यातला मोठा भाग भारतीय बँकांच्या लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतची कर्जं, शिवाय चलन अदलाबदल, लांबवलेली देणी असा होता. हा पैसा अनुदानासारखा थेट मंत्रालयाच्या मागणीत दिसत नाही, त्यामुळे त्याची छाननीही वेगळ्या वाटेनं होते. शब्द सैल ठेवला तर हा फरकच हरवतो.

सदाशिव पेठ

आणि ‘प्रादेशिक’? मी आधी प्रादेशिक सेना समजलो होतो.

कोथरूड

समजणारच. प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक परिवहन कार्यालय, प्रादेशिक सेना, सगळं देशाच्या आतलं. ‘क्षेत्रीय’ लिहिलं तर हिंदी वाटतं. प्रदेशाचं नावच घ्यावं: दक्षिण आशियाची सुरक्षा, हिंदी महासागरातली सुरक्षा. ‘रणनीती’ऐवजी साधं ‘सुरक्षाधोरण’ पुरे, रण प्रत्येक वेळी नसतं.

नवी पेठ

मग हे कसं वाटतं: ‘भारत शेजारी देशांना जी मदत आणि कर्जं देतो, आणि हिंदी महासागरासाठी जे सुरक्षाधोरण आखतो, त्यांची संसदेच्या समित्यांनी छाननी करावी, लोकसभेनं मंजुरी देताना ती विचारात घ्यावी, आणि खर्च झाल्यावर सरकारला जाब विचारावा.’

डेक्कन

‘मंजुरी देताना’च्या जागी ‘मागण्यांवर मत देताना’ करा. मंजुरी म्हटलं की ती मिळणारच असं आधीच ठरल्यासारखं होतं.

नवी पेठ

केलं.