विषय: हॉलसमोरचा हायवेचा चौक, सूचना शुक्रवारपर्यंतच (दुसऱ्यांदा पाठवतेय)

सचिव:
मंडळी, सोमवारच्या मेलला दोनच उत्तरं आली, त्यातलं एक भलत्याच मेलचं. राज्याच्या वाहतूक खात्याचा फॉर्म शुक्रवारी रात्री बंद होतोय. चौकात काय हवं, सिग्नल, राउंडअबाउट (मध्ये गोल बेट, त्याला वळसा घालून जायचं) की जे-टर्न (थेट डावीकडे न वळता पुढून यू-टर्न घ्यायचा), एवढंच विचारलंय. मसुदा जोडलाय, खाली नाव घालून जसाच्या तसा चिकटवा. सगळ्यांनी पाठवला तर सिग्नल नक्की पदरात पडेल.

खजिनदार:
मसुद्यात ‘मंडळाच्या वतीने’ कुणी घातलं? कार्यकारिणीचा ठराव कुठाय? आपण ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेतली करमुक्त धर्मादाय संस्था आहोत, राजकारण नको. बॅनरच्या वेळचं विसरलात का? लेटरहेड माझ्याकडे आहे आणि ते मी देणार नाही.

माजी अध्यक्ष:
खजिनदारसाहेब, बंदी आहे ती निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरायला. खात्याने आपणहून मत विचारलंय, त्याला उत्तर देणं म्हणजे प्रचार नव्हे. ठराव हवा, हे मात्र मान्य. आमच्या वेळी लेटरहेड अध्यक्षांकडे असायचं, एवढं नोंदवून ठेवतो.

शाळेच्या ताई:
लेटरहेडचं राहू द्या हो. रविवारी शाळा सुटली की डावीकडे वळायला फटच मिळत नाही. मागचा हॉर्न वाजवतो आणि पुढचा नको ते धाडस करतो. मीडियनमध्ये, म्हणजे हायवेच्या दोन बाजूंमधल्या मोकळ्या पट्ट्यात, जेमतेम एक गाडी मावते. तिच्यामागे दुसरी घुसली की तिचं बूड हायवेच्या लेनमध्ये. गेल्या महिन्यात मीच तशी अडकले होते, मागच्या सीटवर दोन मुलं. ट्रकवाल्याने लेन बदलली म्हणून वाचलो. सिग्नलच हवा.

क्रिकेट टीमचा कॅप्टन:
ताई, हेच फॉर्ममध्ये लिहा, मसुदा नको. मी पोटापाण्यासाठी हेच वाहतुकीचं काम करतो म्हणून सांगतो, ही मतमोजणी नसते. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तरी बहुतेक ठिकाणी तो एकच मुद्दा म्हणून गणला जातो. गाड्यांची मोजणी सहसा मंगळवार ते गुरुवार करतात. तुमचा रविवार त्यात येणारच नाही, आणि मीडियनमध्ये अडकलेली गाडी आकड्यांत दिसत नाही.

सिग्नल नुसता मागून मिळत नाही. गाड्यांची संख्या, अपघातांची नोंद असे ठरलेले निकष असतात, त्यांना आमच्यात ‘वॉरंट’ म्हणतात. सिग्नलने आडव्या धडका कमी होतात, पण मागून ठोकण्याचे प्रकार बरेचदा वाढतात. साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एकपदरी राउंडअबाउटवर अशा जागा ८.

काका (ऑडिटवाले):
मुलगी इंडियानात कार्मेलला असते. तिथे १०० च्या वर राउंडअबाउट आहेत, सिग्नल शोधावा लागतो. पण ते गावातले रस्ते. हायवेवर सुसाट येणारा माणूस थांबेल का? आणि तो जे-टर्न म्हणजे डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे वळा, पुढे जाऊन यू-टर्न घ्या! हे कुणाच्या डोक्यातून आलं?

कॅप्टन:
काका, राउंडअबाउटच्या तोंडाशी रस्ता मुद्दामच वाकवलेला असतो, वेग आपोआप उतरतो. आणि जे-टर्नमध्ये एका वेळी एकाच बाजूची वाहतूक बघावी लागते, ताईंसारखं मध्ये अडकायला होत नाही. फेरा पडतो, हे खरंय. हायवे चौपदरी आहे, त्यामुळे माझा कल जे-टर्नकडेच.

माजी अध्यक्ष:
काकांशी सहमत.

सचिव:
मसुदा मागे घेतला. तो लिहायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, असो. अकरा जणांनी तो आधीच पाठवलाय, त्यांनी पुन्हा लिहिलं तर चालेल का?

कॅप्टन:
लिहायला हरकत नाही. वार, वेळ आणि कुठून कुठे वळत होतात, एवढं नक्की घाला.

खजिनदार:
म्हणजे लेटरहेड लागणार नाही ना?